इस्तिखारा बराबर नहीं आया

(भोकर इथं तरुणांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला विषय दिला होता, ‘आयटी क्षेत्रातील करिअरच्या संधी’. मी हो म्हणालो. दोन दिवसांनी मीच उलटा फोन केला आणि म्हणालो, त्या विषयावर यूट्यूबवर भरपूर आहे, मला लग्नावर बोलू द्या. पलीकडे जरा वेळ शांतता. मग प्रश्न आला, “भाई, आपकी शादी हो गई क्या?” मी म्हणालो, नाही झाली, म्हणूनच बोलायचंय.

तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझं वय ३६. अभियांत्रिकीची पदवी, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, अम्मी-अब्बा इथं भोकरला. लग्न झालेलं नाही. यात गुपित काही नाही, भोकरमध्ये हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्यासमोर कुणी विषय काढत नाही आणि मी उठून गेलो की दुसरा विषय निघत नाही, एवढंच.

माझा पहिला बायोडाटा मी सत्ताविसाव्या वर्षी बनवला. त्या फाइलच्या आजवर अकरा आवृत्त्या झाल्या. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढली की मागच्यापेक्षा काय बदललं याची नोंद आम्ही ठेवतो. माझ्या नोंदी अशा आहेत. दुसऱ्या आवृत्तीत चष्मा काढलेला फोटो. चौथ्या आवृत्तीत ‘पुण्यात स्वतःचा फ्लॅट’. त्याचे हप्ते अजून सोळा वर्षं चालणार होते, ते लिहिलं नाही. सहावी, सातवी आणि आठवी, या तीन आवृत्त्यांमध्ये माझं वय ३१ च राहिलं, मधे तीन वर्षं निघून गेली तरी. ती आयडिया मामूंची. “इकतीसच रहने दे, कौन दाखला देखने आताय?”

त्या कागदावर रकाने कुठले असतात? बिरादरी, मसलक, उंची, पगार, घर स्वतःचं की भाड्याचं, किती बहिणी लग्नाच्या राहिल्यात. मुलीचा बायोडाटा असेल तर रंग. हा माणूस चिडला की काय करतो, त्याला कशावर हसू येतं, आजाऱ्याजवळ रात्र काढायला तो बसतो का, याला रकाना नाही.

अम्मीने माझ्यासाठी नांदेड, मुदखेड, धर्माबाद, उदगीर, लातूर, सीमेपलीकडे भैंसा आणि निजामाबाद एवढ्या गावांत मुली पाहिल्या. मी नाही पाहिल्या, अम्मीने पाहिल्या. आपल्याकडे आधी बायका जातात. गुडघे धरून ती एसटीतून उतरायची आणि चहा व्हायच्या आत सगळे विचारायचे, “कैसी है?” उत्तर रंगापासून सुरू व्हायचं. त्या मुलीने माझ्याबद्दल काय विचारलं, हे मी अम्मीला कधी विचारलं नाही. तिला विचारायची संधी दिलीच नव्हती कुणी.

मग ॲप झाले. एका ॲपवर मी पंधरा दिवस एका मुलीशी बोलत होतो. नोकरी, क्रिकेट, देशाचं कसं होणार, सगळं. सोळाव्या दिवशी कळलं की ते प्रोफाइल तिचा थोरला भाऊ चालवतो. माझं त्याच्याशी छान जमलं होतं. बहिणीसाठी मात्र त्याने मला नापास केलं.

हसा, हरकत नाही. मीही हसतो. पण पुण्यात भाड्याने खोली शोधताना ‘बॅचलर’ आणि ‘मुस्लिम’ हे दोन शब्द एकत्र आले की समोरचा माणूस कसा बदलतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. डेंगी झाला तेव्हा चार दिवस मी खोलीत एकटा होतो आणि अम्मीला फोनवर सांगत होतो, ऑफिसात फार काम आहे. ईदला गावी यायचं तर गळाभेटीनंतरचं पहिलं वाक्य ठरलेलं, “अब तेरा नंबर कब?” एका वर्षी मी सुट्टी मिळाली नाही असं सांगून आलोच नाही. सुट्टी मिळाली होती.

हे फक्त आपल्यातच आहे असं समजू नका. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी नवरदेवाच्या वेषात, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. आमच्या ऑफिसात तो व्हिडिओ बघून सगळे हसले. मला हसू आलं नाही. शेती बेभरवशाची, आणि मुली मुळातच कमी. २०११ च्या जनगणनेत आपल्या मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा कडक राबवा, ही त्या मोर्चाची मागणी रास्त होती. पण दुसरी मागणी होती, सरकारने आम्हाला मुली मिळवून द्याव्यात. मुली ही मिळवून देण्याची गोष्ट आहे असं ज्याला वाटतं, त्याला शिकलेली मुलगी हो का म्हणेल, हा प्रश्न त्या घोड्यांवर बसलेल्या कुणी विचारला नाही. मीही विचारला नव्हता.

आपल्यात गाठ जरा वेगळ्या ठिकाणी बसली आहे. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात उच्च शिक्षण घेणाऱ्या मुस्लिम विद्यार्थ्यांमध्ये जवळजवळ निम्म्या मुली आहेत. आपल्या आजीच्या काळात हे कुणी स्वप्नात पाहिलं नसतं. भोकरहून सकाळच्या एसटीने नांदेडला कॉलेजला जाणाऱ्या मुली मोजा. आणि मुलं? दहावी झाली की गॅरेज, वेल्डिंग, मोबाइलचं दुकान, हैदराबाद, सौदी. त्यात कमीपणा काही नाही, घर त्यांच्या पैशावर चालतं. पण एम.एस्सी. झालेल्या मुलीला दहावीवाल्या मुलाचा पैगाम येतो, आणि त्या मुलालाच भीती वाटते की ही आपल्याला जुमानणार नाही. राहिली माझ्यासारखी थोडी शिकलेली मुलं. त्यांना हवी असते शिकलेली पण नोकरी न करणारी, आणि वयाने पाच-सहा वर्षं लहान. म्हणजे जिचं शिक्षण फक्त बायोडाटावर दिसेल अशी.

मी इंजिनिअर आहे, गणित करून दाखवतो. आकडे काल्पनिक आहेत, पद्धत खरी आहे. समजा, नांदेड-लातूर पट्ट्यात लग्नाच्या हजार मुली आहेत. बिरादरी आपलीच हवी, राहिल्या दोनशे. मसलक तोच हवा, शंभर. पदवी हवी, तीस. वय सव्वीसच्या आत, दहा. उंच आणि गोरी, तीन. नोकरी सोडायला तयार, एक. मग त्या एकीच्या घरच्यांनी त्यांची चाळणी मला लावली, शून्य. संगणकाला विचारलं तेवढंच त्याने सांगितलं. आणि आपण म्हणतो, नसीब.

बिरादरीचं एक बोललंच पाहिजे. जलशात आपण म्हणतो, इस्लाममध्ये जात नाही. जातीच्या दाखल्याच्या रांगेत बागवान, अत्तार, कुरेशी, पिंजारी असं लिहितो, आणि ते बरोबरच आहे. जालन्याच्या शब्बीर अन्सारींसारख्या कार्यकर्त्यांनी मुस्लिम ओबीसींच्या चळवळीत आयुष्य घातलं, तेव्हा तो हक्क पदरात पडला. मागासलेपण मोजायला जात सांगावीच लागते. पण तीच बिरादरी रिश्त्याच्या वेळी कुंपण होते, तेव्हा आपल्यातला एकही जलशातलं भाषण आठवत नाही.

आता जे सांगायला आलो ते सांगतो.

सात वर्षांपूर्वी, मी २९ चा असताना, नांदेडच्या एका मुलीचा रिश्ता आला. गणितात एम.एस्सी., एका शाळेत शिकवत होती, वय ३१. त्या वेळी मी हट्ट धरला की मीही येणार. घरची मंडळी हॉलमध्ये, आणि आम्ही दोघं गॅलरीत, वीसेक मिनिटं. तिने सरळ सांगितलं, नोकरी चालू ठेवीन, पगारातला काही हिस्सा आईला देते, तो देत राहीन. मी म्हणालो, ठीक आहे. मग तिने विचारलं, “तुम्हाला स्वयंपाक येतो का?” मी म्हणालो, अंडी उकडता येतात. ती मोठ्याने हसली. एवढ्या वर्षांच्या शोधात समोर बसलेल्या माणसाशी मी खरं बोलतोय असं मला तेव्हा एकदाच वाटलं.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये चर्चा सुरू झाली. “दो साल बडी है.” “नौकरी नै छोडेगी.” “हाथ में नै रहेगी.” मी खिडकीतून बाहेर बघत होतो. तिसऱ्या दिवशी अब्बांनी विचारलं, “तू बोल, क्या कहना उनको?” मी म्हणालो, “जैसा आप लोगां ठीक समझो.”

मग नांदेडला फोन गेला. “इस्तिखारा बराबर नहीं आया.”

दोस्तांनो, त्या तीन दिवसांत आमच्या घरात कुणीही इस्तिखाऱ्याची नमाज पढलेली नव्हती. मला ते माहीत होतं. फोन लावला तेव्हा मी त्याच खोलीत होतो.

इस्तिखारा म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे. दोन रकात नफ्ल आणि एक दुआ. ज्याला निर्णय घ्यायचाय त्याने अल्लाहसमोर कबूल करायचं की मला पुढचं दिसत नाही, तू वाट दाखव. किती नम्र गोष्ट आहे ती. आपण तिचं काय केलं? नकार कळवायची सोय केली. ‘मुलगी मोठी आहे’ म्हटलं तर मुलीचा बाप वाद घालू शकतो. ‘अल्लाहकडून ना आली’ म्हटल्यावर तो बिचारा काय बोलणार? आमचा भित्रेपणा आम्ही अल्लाहच्या नावावर खपवला. नंतर मी ओळखीतल्या रिश्त्यांचा हिशेब मांडून पाहिला. इस्तिखारा सावळ्या मुलीचा बराबर येत नाही, तलाक झालेलीचा येत नाही, वयाने मोठीचा येत नाही. पुण्यात फ्लॅट असलेल्या मुलाचा मात्र सहसा बराबर येतो.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती माझ्यापाशीच ठेवली असती. दोन वर्षांपूर्वी नांदेडला एका वलीम्यात तिचा चुलत भाऊ भेटला. कॉलेजपासूनची ओळख. रागावलेला नव्हता. जेवता जेवता म्हणाला, ताई शाळेतच आहे, मजेत आहे, आता मुलांना स्कॉलरशिपचं गणितही शिकवते. मग म्हणाला, माझ्या धाकट्या बहिणीला बारावी सायन्सला चांगले मार्क होते, तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं. घरात सगळे म्हणाले, “उसका क्या हुआ देखे ना? इत्ता पढके घर में बैठीच है.” अठरा पूर्ण झाल्याबरोबर तिचं लग्न लावून दिलं.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. सात वर्षांपूर्वीच्या त्या फोनचा हिशेब मी एका मुलीपुरता धरला होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते की महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. हे सगळ्या समाजांचं मिळून आहे. यामागे गरिबी आहे, ऊसतोड आहे, असुरक्षितता आहे. पण आपल्या मोहल्ल्यातल्या एका आईला विचारा की पोरीला बारावीनंतर का थांबवलं. ती म्हणेल, “जादा पढी तो रिश्ता नै आता.” आणि पुरावा म्हणून गल्लीतल्या एका घराकडे बोट दाखवेल, जिथं तिशी ओलांडलेली शिकलेली मुलगी आहे. तिशीतल्या शिक्षिकेला जो नाकारतो, तो त्या आईच्या हातात पुरावा देतो. लग्न फार लवकर होणं आणि लग्न न जमणं, हे दोन प्रश्न आपण वेगळे समजतो. भोकरमध्ये ते एकाच गल्लीत, समोरासमोरच्या घरांत राहतात.

आपल्या चळवळीने या बाजूला फार लक्ष दिलेलं नाही, हे मी आदराने सांगतो. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर गेल्या. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं राहिलं. एका दमातला तलाक सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ ला रद्द ठरवला. पन्नास वर्षांची ही लढाई निकाहानंतरच्या अन्यायाशी होती, आणि ती लढावीच लागली. पण निकाहाच्या आधी दिवाणखान्यात जे चालतं त्याच्यावर कुठलंही कोर्ट येणार नाही. कुणी कुणाला हो म्हणावं हे कायद्याने सांगताही येत नाही. ते आपल्यालाच सुधारावं लागेल.

दीनचा हवाला देणाऱ्यांना मी एवढंच म्हणतो. हजरत खदीजा विधवा होत्या, स्वतःचा व्यापार सांभाळत होत्या. रिवायतीप्रमाणे त्या चाळीस वर्षांच्या होत्या आणि हजरत मुहम्मद पैगंबर (स.) पंचवीस. लग्नाचा पैगामही त्यांच्याच बाजूने गेला. हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि माशाअल्लाह म्हणतो. उद्या भोकरमध्ये चाळिशीतल्या, स्वतःचा धंदा असलेल्या एखाद्या विधवेने स्वतः पैगाम पाठवला, तर हाच मोहल्ला काय बोलेल ते मी इथं माइकवर सांगू शकत नाही.

कुणी विचारेल, पुण्यात एवढ्या मोठ्या ऑफिसात तुला कुणी भेटलंच नाही? भेटलं. ती मुस्लिम नव्हती. आम्हाला एकमेकांची सोबत आवडायची, आणि दोघांनीही समजून तो विषय वाढू दिला नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा दोन धर्मांच्या सज्ञान माणसांना लग्नाचा हक्क देतो. पण तीस दिवसांची नोटीस आहे, आणि १३ डिसेंबर २०२२ ला आपल्या राज्य सरकारने अशा लग्नांची माहिती गोळा करायला समिती नेमली. आजच्या हवेत मुस्लिम मुलाने हिंदू मैत्रिणीसोबत चहा पिताना मागे वळून बघावं लागतं. खरं तेही सांगतो, आपल्या घरातली मुलगी असा चहा पिताना दिसली तर आपण काही फार वेगळे वागत नाही.

मग करायचं काय? मी तज्ज्ञ नाही. माझ्या चुकांतून जे कळलं ते सांगतो.

वय खरं लिहा. खोटं वय लिहिणारा दुसऱ्याला फसवतोच, आणि आपलं खरं वय लाज वाटण्यासारखं आहे हेही मान्य करतो.

नकार द्यायचा तर स्वतः द्या, आठवड्याच्या आत द्या आणि सभ्य शब्दांत खरं कारण सांगा. इस्तिखारा करायचा असेल तर स्वतः उठून वजू करा. केलाच नसेल तर त्याचं नाव घेऊ नका.

भेटू द्या. वीस मिनिटांत मोबाइलसुद्धा कुणी घेत नाही. घरच्यांना माहीत असू दे, हवं तर बहीण नाहीतर भाऊ सोबत असू दे, पण दोघांना तीन-चार वेळा निवांत बोलता आलं पाहिजे. वाचनालयात भेटा, कॉलेजच्या कँटीनमध्ये भेटा. गावोगावी शादीखाने आहेत, लग्नाची तारीख नसली की वर्षातले कितीतरी दिवस कुलूप लावून पडलेले असतात. तिथं महिन्यातून एक दुपार मुलामुलींनी आपापल्या घरच्यांसोबत यावं, बसावं, बोलावं. त्यानंतर मुलगी नाही म्हणाली तर तिची बदनामी होणार नाही, याची जबाबदारी आपण मुलांनी घ्यायची.

निकाह हा करार आहे. त्यात शर्ती लिहिता येतात. शिक्षण पूर्ण करणार, नोकरी चालू ठेवणार, हे निकाहनाम्यावर येऊ द्या, म्हणजे नंतर “तेव्हा तर हो म्हणाला होता” असं रडायची पाळी येत नाही. १९९८ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे लग्नाची नोंदणीही करा. आणि घोडे-जोड्याची रक्कम घेऊन वर ‘सुन्नत के मुताबिक’ असं पत्रिकेवर छापू नका.

ज्यांचा तलाक झाला, ज्यांचा जोडीदार गेला, त्यांचे बायोडाटे वेगळ्या गठ्ठ्यात ठेवू नका. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अकदे सानी’वाल्यांची यादी शेवटी असते, आणि त्यात बाईला मूल असेल तर तिचा नंबर सर्वांत खाली जातो. पुरुषाला मूल असेल तर आपण म्हणतो, बिचाऱ्याला बाईची गरज आहे.

आणि बहिणींनो, तुमचं शिक्षण लग्नामुळे सार्थकी लागत नाही आणि लग्न न झाल्याने वायाही जात नाही. जिला लग्न करायचंच नाही तिचंही ऐकून घ्यायला आपण शिकलं पाहिजे.

शेवटचं सांगतो. गेल्या रमजानमध्ये सहेरीच्या वेळी मी अम्मीला त्या वलीम्यातली गोष्ट सांगितली. मला वाटत होतं, नकार घरच्यांनी दिला, मी फक्त गप्प बसलो. अम्मी ताट बाजूला ठेवून म्हणाली, “मेरेकू तो वो लडकी पसंद थी. मैं तेरे मुंह कू देख रही थी, तू कब बोलेगा करके. तू बोलाच नै.” इतकी वर्षं मी समजत होतो की तिच्यासाठी गप्प बसलो.

त्या मुलीला फोन करून माफी मागावी असं खूपदा मनात आलं. मग वाटलं, ती माफी माझं मन हलकं करायला होईल. तिला तिच्या आयुष्यात सुखाने राहू द्यावं. म्हणून ती माफी मी इथं, तुमच्यासमोर मागतोय. तुमच्यातल्या एकाने जरी जीपमध्ये बसल्यावर खिडकीबाहेर बघायच्या ऐवजी तोंड उघडलं, तरी मला पुरे.

बायोडाटाची बारावी आवृत्ती तयार आहे. वय ३६. फोटो चष्म्यासकट. फ्लॅटपुढे हप्ते किती राहिले तो आकडा. बिरादरीचा रकाना काढला. ‘नोकरी करणारी चालेल’ असं एक वाक्य होतं, तेही खोडलं. चालेल म्हणणारा मी कोण? त्या जागी नवीन रकाना टाकलाय: स्वयंपाक. खिचडी, खट्टा, अंड्याचं सालन.

प्रश्न असतील तर विचारा. करिअरचे पण चालतील.